उलटी लव

पडद्याचे दोन्ही भाग सरकत मधोमध येऊन मिटले, मंचावरचे दिवे लागले, आणि टाळी वाजवायला उचललेले आत्याचे हात हवेतच राहिले.

डावी बाजू डाळिंबाच्या दाण्यासारखी गडद. उजवी बाजू त्याच डाळिंबाच्या सालासारखी, तेही चार दिवस खिडकीत पडून राहिलेल्या. मखमल एक, गिरणी एक, रंग एक; पण आत्ता दोघं असे शेजारी उभे होते जसे भांडलेले व्याही एका फोटोत.

"दिव्यामुळे दिसतंय तसं," थोरले शिडीवरून म्हणाले. कुठलीही वाईट बातमी आली की थोरले आधी ती परत पाठवून बघत. बायकोची गाठ साधी नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल.' आता ते म्हणाले, "दिवा हलव रे जरा."

त्यांच्या धाकट्या भावानं दिवा हलवला. दाणे हलले, साल हललं, फरक तेवढा जागचा हलला नाही.

"लव उलटी आहे, दादा," धाकटा हळूच म्हणाला.

मखमलीला मांजरासारखी लव असते. एका अंगानं हात फिरवला तर लाडात येते, उलटा फिरवला तर अंगावर येते. लव वरच्या दिशेनं असेल तर रंग खोल दिसतो, खालच्या दिशेनं असेल तर विटका. पडद्याचा एकेक पट्टा एकाच दिशेनं लागला पाहिजे, हे या घरात पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. तीन पिढ्या मोठमोठ्या सभागृहांचे पडदे शिवणाऱ्या घरात अशी चूक होणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्यानं बादलीत बुडणं.

सभागृहाचे व्यवस्थापक दारातून डोकावले. "वा. दोन शेड मुद्दाम का?"

"हो," आत्या म्हणाली. "म्हणजे नाही. उद्या बघा."

आत्यानं लग्न केलं नाही, घरचा धंदा केला. ऑर्डरी, फोन, गिऱ्हाइकांची मनधरणी आणि घरच्यांची कानउघाडणी ही सगळी खाती तिच्याकडे. ते गृहस्थ गेल्यावर ती भावांकडे वळली. "शिवलं कुणी?"

"शिवतं कोण आपल्याकडे?" थोरले म्हणाले.

"धाकटीनं. मग झालं तर."

धाकटा खाली वाकून शिडीचा पाय तपासू लागला. धाकटी त्याची बायको. शिडीच्या पायाला काही झालं नव्हतं.

*

"मी?" धाकटी म्हणाली.

पडदा कारखान्यात परत आला होता. कारखाना खाली, घर वर, आणि मधल्या जिन्यावर दिवसभर कुणी ना कुणी चहा घेऊन. खालच्या खोलीचा बहुतेक भाग एकट्या टेबलानं व्यापलेला. धाकटीची मुलगी टकळी याच टेबलाच्या कडेला धरून चालायला शिकली होती, आणि बोलायलाही इथेच. त्यानंतर ती थांबली नाही म्हणून तिचं नाव टकळी पडलं. आत्ता ती शाळेचं दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी होती.

"पट्टे मी जोडले, मान्य," धाकटी म्हणाली. "पण मी कशावरून जोडते, वन्सं? बाणावरून."

बाणाचा नियम सासऱ्यांचा. जो कापतो त्यानं कापडाच्या पाठीवर खडूनं बाण काढायचा, लव कुठे चाललीय ते दाखवणारा. शिवणाऱ्यानं बाण बघायचा, लव चाचपायची नाही. त्यांच्या काळात चार माणसं हात फिरवत आणि पाच मतं निघत, म्हणून त्यांनी एकदाचं ठरवून टाकलं होतं: बाणावर वाद नाही. त्यांच्यानंतर बाण काढायचा मान थोरल्या सुनेकडे आला. ती आजारी पडून दवाखान्याच्या वाऱ्या करत होती तेव्हा मोठी कामं थांबवून ठेवली, पण खडू दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही.

थोरली टेबलाजवळच्या स्टुलावर बसली होती. केस परत आले होते, तेही कुरळे. आधीचे सरळ होते. येणारंजाणारं प्रत्येक माणूस म्हणायचं, आजारपणानं तुम्हाला शोभाच आणली.

"बाण बघताना तुझा डोळा चुकला असेल," आत्या म्हणाली.

धाकटीनं नवऱ्याला खूण केली, दोघांनी पडदा उचलला आणि पालथा टाकला. पाठीवर पांढरे बाण. डावीकडचे वर. उजवीकडचेही वर. एकेका पट्ट्यावर बोट ठेवत ती शेवटपर्यंत गेली.

"एक जरी मी उलटा जोडलेला दाखवलात, तर उद्यापासून उशांचे अभ्रे शिवीन."

कुणी दाखवेना. शिवण बरोबर होती. मग एकच जागा उरत होती, आणि तिकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

"खडू पुसला गेला असेल," आत्यानं वाट काढली. "तू अंदाजानं परत काढला असशील."

"मी? खडूनं?" धाकटी हसली, पण ते हसू बघून तिचा नवरा परत शिडी शोधू लागला. "लग्न होऊन आल्यापासून मला या घरात खडूला हात लावू दिलाय कुणी?"

आता थोरलीनं बोलायला हवं होतं. तिला ते कळत होतं. तिनं हात मांडीवर ठेवले होते आणि ते तिथे आहेत हे बघून खात्री करून घेतली होती. हल्ली तसंच करावं लागे.

पहिला तागा उलगडला रविवारी. तेव्हा टकळी शेजारी होती. तिनं हात फिरवला, कानात सांगितलं, "काकू, वर." थोरलीनं बाण काढले. दुसरा तागा आला सोमवारी, टकळी शाळेत. ती येईपर्यंत थांबायचं असं थोरलीनं ठरवलंही, आणि मग तिला स्वतःचाच संताप आला. आयुष्य या टेबलाशी गेलं आणि आता नववीतल्या पोरीची वाट बघायची? तिनं हात फिरवला. मऊ नाही, खरखरीत नाही. जाड हातमोजे घालून भिंत चाचपावी तसं. खिडकीपाशी धरून डोळ्यांनी बघता आलं असतं. पण समोर मशीनवर धाकटी होती, आणि या घरात मखमल खिडकीपाशी नेतो तो शिकाऊ. पहिला तागा वर होता, म्हणजे दुसराही वरच, असं धरून तिनं बाण काढले. गिरणीनं तो उलटा गुंडाळला होता.

"दोन तागे वेगळ्या लॉटचे असतील," थोरली म्हणाली. "रंगातच फरक असेल."

"बघ," आत्या लगेच म्हणाली. "गिरणीची चूक."

धाकटीनं जावेकडे बघितलं. आजारपणात हिचं डोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. वांतीची भांडी धुतली होती. त्याबद्दल तिला काही नको होतं. पण हे असं अंग झटकणं नको होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पडदा काय, उसवू, डोकं खाली पाय वर करू, परत शिवू. पण उद्या वरची झालर कापायची आहे. ती कमानीत कापतात, उलटी कापली की उलटीच. आणि त्या रंगाचा गिरणीत आता हातरुमालाएवढासुद्धा तुकडा नाही, हे वन्संनीच सांगितलंय. म्हणून आत्ताच बघू या."

तिनं झालरीच्या ताग्याचा मोकळा कोपरा ओढून थोरलीपुढे टेबलावर पसरला. "सांगा ताई. कुठे चाललीय?"

*

टकळीचं हृदय दप्तरात जाऊन बसलं.

काकूची बोटं होणं हे तिचं आयुष्यातलं पहिलं गुप्त काम होतं, आणि तोंड बंद ठेवून करायचं तर पहिलंच. काकूच्या स्वेटरची बटणं ती लावायची. बरण्यांची झाकणं उघडायची. अंघोळीच्या पाण्यात काकूच्या आधी टकळीचा हात जायचा, कारण काकूला कढत आणि कोमट यांतला फरक कातडी लाल झाल्यावर कळायचा. फ्रिजमधली बाटली तीच काढून द्यायची. गार वस्तू धरली की काकूला वीज लागल्यासारखं व्हायचं. आणि कुणी समोर असेल तेव्हासाठी एक खूण होती: नाक एकदा ओढलं की वर, दोनदा ओढलं की खाली. खूण टकळीनंच शोधली होती आणि तिला ती फार हुशारीची वाटत होती.

दारातून कापडावर उजेड तिरपा दिसत होता. गडद. टकळीनं नाक एकदा ओढलं.

थोरलीनं मखमलीवरून हात फिरवला. "वर."

धाकटीनं कापड फिरवलं. "आता?"

टकळीनं नाक ओढलं. मग परत ओढलं.

"खाली."

"झालं समाधान?" आत्या म्हणाली.

धाकटी जागची हलली नाही. तिनं मान मात्र वळवली. "टकळे, तुला सर्दी कधी झाली?"

"आत्ताच."

"इकडे ये. माझ्या शेजारी उभी राहा. आणि नाक चिमटीत धर."

"आई, श्वास कसा घेऊ?"

"तोंडानं. एरवी त्याला कुठे विश्रांती असते."

टकळीनं नाक धरलं. धाकटीनं कापड फिरवलं, परत फिरवलं. थोरलीनं डोळे मिटले. हात गेला, आला. परत गेला. खोलीत टकळीचा तोंडानं घेतलेला श्वास तेवढा ऐकू येत होता.

थोरलीनं डोळे उघडले. "मला कळत नाही," ती म्हणाली. दुकान बंद आहे, असं दारावर आलेल्याला सांगावं तसं.

"काय कळत नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"हाताला काही कळत नाही. शेवटच्या केमोच्या आधीपासून. बोटं बधिर, आणि वरून दिवसभर मुंग्या. तळपायांनाही तेच, कापसावर चालल्यासारखं. परवा चप्पल रस्त्यात निसटली आणि मी तशीच पुढे गेले, मागून फुलवाल्यानं हाक मारली. त्या औषधानं नसा दुखावतात. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल परत. कुणाचं सगळं येतं, कुणाचं थोडं राहतं. माझं काय ते त्यांनाही आत्ता सांगता येत नाही."

"आणि मला एका शब्दानं..."

"तुम्ही रोज विचारत होतात की. 'बरी आहेस ना?' त्या 'ना'नंतर मी काय सांगणार होते?"

मध्यंतरी घरात काचेचे पेले फुटायला लागले, तेव्हा थोरल्यांनी स्टीलचे आणले होते आणि प्रश्न सुटला असं मानलं होतं. जिना उतरताना ती भिंत धरते हे दिसलं, तेव्हा त्यांनी जिन्यात जास्त उजेडाचा दिवा बसवला होता. सगळं दिसलं होतं त्यांना. सगळ्याची त्यांनी मापं घेतली होती आणि जोडून मात्र काही बघितलं नव्हतं.

"आणि तुला माहीत होतं," धाकटी मुलीला म्हणाली.

"काकूनं शपथ घातली होती."

"माझ्यावर खापर फुटत होतं तेव्हा तू दारात उभी राहून नाक ओढत होतीस."

टकळीनं अजून नाक धरलेलंच होतं. तिनं ते सोडलं आणि काहीच बोलली नाही. घरात असं आधी कुणी पाहिलं नव्हतं.

"तिला बोलू नकोस," थोरली म्हणाली. "मीही गप्पच होते. मी मोठी आहे, माझं जास्त चुकलं."

"हो. चुकलं," धाकटी म्हणाली.

'जाऊ द्या हो ताई' असं ती म्हणेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली नाही. आत्यानं घसा साफ केला.

"झालं ते झालं. मी बाहेरचा कापणारा बघते. वहिनी, तुम्ही आता आराम करा. खूप केलंत."

निरोपसमारंभात म्हणतात तसं ते 'खूप केलंत' होतं. फक्त हार तेवढा आणायचा राहिला होता.

"दुखणं गेलं, जीव वाचला," आत्या समजुतीच्या सुरात पुढे म्हणाली, "आता बोटांचं काय घेऊन बसायचं?"

"वाचला तो कशाला, वन्सं?" थोरली म्हणाली. "सलाइन लावून पडले होते तेव्हा मी देवाचं नाव घेत नव्हते. मनात कापडं बेतत होते. हे टेबल गेलं तर मी बरी झाले असं मला कशावरून वाटायचं?"

धाकटी चिडली, कारण चिडणं तिला केव्हाही जमायचं.

"आणि बाहेरचा माणूस कशाला? मी काय इथे शोभेला आहे?"

"मग तू काप," आत्या म्हणाली. आत्या बाजू बदलायची तर दिवा लावल्यासारखी, बटण दाबलं की झालं. "कात्री घे. आजपासून टेबल तुझं."

कात्री टेबलावरच होती. धाकटीनं तिच्याकडे बघितलं. या घरात आल्यापासून तिला ती हवी होती. मशीनवर बसून पाठ धरली की ती त्या टेबलाकडे बघायची आणि मनात म्हणायची, उभ्यानं काम करायला मिळणं हेही नशीब. आता कात्री समोर आयती आली होती आणि तिला तिचा राग येत होता.

"मला हवं होतं. खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण मला सरळ कापता येतं, बेतता येत नाही. एवढ्याशा ताग्यात एवढी मोठी झालर बसवायची तर तुकडे कसे मांडायचे, ते ताईंच्याच डोक्यात आहे. नुसतं टेबल घेऊन मी काय त्यावर झोपू?" मग ती जावेकडे वळली. "ताई, बोटांना कळत नाही. मग कशाला कळतं?"

थोरलीनं विचार केला. हे तिला कुणीच विचारलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही. तेही काय गेलं तेच विचारायचे.

"गालाला," ती म्हणाली. "गालाला सगळं कळतं."

"मग गाल लावा."

"सगळ्यांसमोर? टेबलावर डोकं ठेवून?"

"माझ्यावर ढकललंत ते सगळ्यांसमोरच."

थोरली उठली. तळपाय नीट टेकलेत का हे खाली बघून पक्कं केलं, टेबलाची कड धरली आणि वाकून गाल मखमलीवर ठेवला. मग मान हळू वर नेली, खाली आणली. कुरळे केस कपाळावर आले. बराच वेळ ती तशीच होती. इतका वेळ की आत्या विचारणार होती, बरं वाटत नाहीये का.

"खाली," थोरली म्हणाली.

धाकटीनं कापड फिरवलं.

"वर."

"परत."

"फिरवलंच नाहीस तू. वरच आहे."

धाकट्याला हसू फुटलं. "टकळे, नाक?"

"धरलंय," टकळी परत नाक दाबून म्हणाली.

थोरली सरळ झाली. तिच्या गालावर मखमलीचे दोनचार तंतू चिकटले होते आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी. "म्हणजे मी कापू शकते." तिनं कात्रीकडे हात नेला.

"अंगठा बघू," थोरले म्हणाले.

ते कधी मध्ये बोलत नसत, म्हणून ती थांबली. त्यांनी तिचा डावा हात उजेडात धरला. अंगठ्याच्या कडेला एक लांब, अर्धी भरलेली चीर होती.

"कधी लागलं?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"टकळीनं कापडावर ओलं बघितलं तेव्हा कळलं. मखमल लालच. त्यात काय दिसतंय."

थोरल्यांनी हात सोडला नाही. "कात्रीखाली काय आलं ते कळत नाही तोवर कात्री नाही धरायची."

"तुम्हीही?"

"मीही." मग जरा थांबून, हे माप त्यांनी पहिल्यांदाच घेतलं असावं तसं, "बाकी सगळं तुझं. कात्री नाही."

"मांडणी तुमची, खुणा तुमच्या," धाकटी म्हणाली. "कात्री मी धरीन. आणि कापायच्या आधी बाण मी हात फिरवून बघणार. दर वेळी."

"बाणावर वाद नाही," आत्यानं आठवण करून दिली. "बाबांचा नियम आहे."

"बाबांच्या बोटांना कळत होतं, वन्सं."

थोरलीनं कात्रीवरचा हात काढला. ती धाकटीकडे सरकवली नाही, फक्त हात काढला. धाकटीनंही ती लगेच उचलली नाही. पडदा उसवायचा होता, त्याला सगळे लागले, आत्यासुद्धा चष्मा लावून बसली आणि कामाला लागण्याआधी धाकटीला एवढंच म्हणाली, "मी उगाच तुझं नाव घेतलं." त्यावर धाकटी म्हणाली, "दोरा नीट ओढा, कापड फाटेल." थोरलीला उसवताही येईना. सुई बोटांत आहे की पडली, ते तिला बघावं लागे. मग ती टकळीला शिकवत बसली, आणि टकळी एका हातानं उसवत तिला शाळेतलं काय काय सांगत राहिली. आईशी मात्र जेवणं होईपर्यंत ती जपून बोलली.

*

सकाळी झालरीचा तागा टेबलभर पसरला. थोरलीनं तुकड्यांचे कागदी साचे मांडले, हलवले, परत मांडले. मोठी कमान मध्ये, लहान तिच्या पोटात, उरलेल्या कोपऱ्यात गोंड्यांच्या पट्ट्या. धाकटीला वाटलं होतं की बसणार नाही. बसलं. तिनं ते बघितलं, आणि पुढच्या वेळी हे कसं केलं ते विचारायचं ठरवलं. आज नाही.

थोरली वाकली, गाल टेकला. खडू तिनं मुठीत धरला होता, लहान मूल पेन्सिल धरतं तसा, कारण चिमटीत तो राहत नव्हता. बाण निघाला तो जाड आणि जरासा वाकडा.

"वर," ती म्हणाली.

धाकटीनं बाणाकडे बघितलं. मग कापडाच्या कोपऱ्यावरून तळहात फिरवला, वर, खाली, परत वर. या घरात बाण तपासला जाण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती थोरलीच्या डोळ्यांसमोर होत होती. थोरलीला ते लागलं.

"बरोबर," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे मला," थोरली म्हणाली.

धाकटीनं कात्री उचलली. ती वाटली होती त्याहून जड होती. पहिला घास घेताना तिचा हात जरा थबकला.

"मनगट सैल सोड," थोरली म्हणाली. "कात्रीला ढकलू नकोस. ती जाते."

कात्री गेली. मखमल दोन्ही बाजूंना उघडत गेली, आणि थोरली टेबलाच्या कडेकडेनं, पावलांवर नजर ठेवत, तिच्यासोबत पुढे सरकत राहिली. तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते. ते रिकामे असताना कुठे ठेवायचे, हे तिचं अजून ठरलं नव्हतं.